रशियात मिशनरी कुटुंबाचे जीवन आणि सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजच्या रशियात परदेशी कुटुंब मिशनरी म्हणून कायदेशीरपणे राहू शकते का?

राहू शकते. मात्र 1990 च्या दशकात जसे कुणीही बॅग उचलून जात असे आणि सभागृह भाड्याने घेऊन सभा भरवत असे, तसे आता चालत नाही. परदेशी व्यक्तीला धार्मिक सेवेसाठी बोलावण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत रशियन धार्मिक संस्थेला आहे. 1997 चा धर्मस्वातंत्र्यविषयक कायदा संघटनांचे दोन प्रकार मानतो: ‘धार्मिक गट’ आणि ‘धार्मिक संस्था’. गटाला कायदेशीर व्यक्तिमत्त्व नसते, त्यामुळे त्याचे निमंत्रण चालत नाही. स्थानिक संस्था स्थापन करायला त्याच भागात कायम राहणारे, 18 वर्षांवरील किमान 10 रशियन नागरिक लागतात. परदेशी माणूस त्या दहांत धरला जात नाही.

याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही रशियात मंडळी ‘स्थापन करायला’ जात नाही. तिथल्या मंडळीने बोलावले तर तिच्या वडीलजनांच्या हाताखाली काम करायला जाता. ज्यांना ही गोष्ट मनापासून मान्य नाही, त्यांनी तिकीट काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘मिशनरी कार्य’ म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमके काय?

जुलै 2016 मध्ये दहशतवादविरोधी कायद्यांचा एक संच मंजूर झाला. त्याच्या पुरस्कर्त्या खासदाराच्या नावावरून लोक त्याला ‘यारोवाया कायदा’ म्हणतात. त्यातून 1997 च्या कायद्यात मिशनरी कार्याची व्याख्या आली आणि ती 20 जुलै 2016 पासून लागू आहे. धार्मिक संघटनेच्या वतीने, तिचे सदस्य नसलेल्या लोकांपुढे, त्यांना सामील करून घेण्याच्या हेतूने शिकवण सांगणे म्हणजे मिशनरी कार्य. ते तोंडी असो, छापील असो की इंटरनेटवर. मंडळीच्या आत, सदस्यांसमोर दिलेला उपदेश या व्याख्येत बसत नाही. बाहेरच्या माणसाला हेतुपुरस्सर बोलावले, की तोच उपदेश व्याख्येत बसतो.

असे काम करणाऱ्याजवळ अधिकारपत्र लागते. संस्थेचा प्रमुख, तिच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य आणि तिचा पाळक यांना ते लागत नाही, बाकी सर्वांना लागते. पत्रावर संस्थेच्या सरकारी नोंदीचा तपशील असला पाहिजे. पत्नी संडे स्कूलमध्ये शिकवत असेल आणि बाहेरच्या मुलांच्या पालकांशी बोलत असेल, तर तिच्या नावाचे वेगळे पत्र करून घ्या. ‘नवऱ्याचे आहे ना’ हे उत्तर पोलिसांपुढे उपयोगी पडत नाही.

परदेशी व्यक्तीवर आणखी एक बंधन आहे. संस्थेचे कार्यक्षेत्र ज्या प्रदेशापुरते नोंदलेले आहे, त्या प्रदेशातच तिला हे काम करता येते. शेजारच्या प्रदेशातल्या मंडळीने उपदेशाला बोलावले, तर आधी तिथल्या संस्थेकडून कागद घ्यावा लागतो. प्रादेशिक सीमेवरच्या शहरांत नेमकी हीच चूक होते. नदीपलीकडची मंडळी अर्ध्या तासावर असते, पण ती वेगळ्या प्रदेशात असते.

घरी प्रार्थनासभा घेता येते का?

घरात उपासना करायला कायद्याची मनाई नाही. राहत्या जागेत ‘मिशनरी कार्य’ करायला मनाई आहे. रेषा इतकी बारीक आहे, की ती प्रत्यक्षात कोण तक्रार करतो यावरच ठरते. सदस्य एकत्र जमून बायबल वाचत असतील तर ती उपासना. जिन्यात किंवा फाटकाजवळ सूचना लावून शेजाऱ्यांना बोलावले, तर तोच कार्यक्रम गुन्हा ठरू शकतो. ऑगस्ट 2016 मध्ये ओरयोल शहरात एका अमेरिकन बाप्टिस्ट प्रचारकाला घरच्या सभा आणि सूचनाफलकांवर लावलेली निमंत्रणे यांवरून 40,000 रुबल दंड झाला. मार्च 2023 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर रशिया त्या न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर पडला होता.

दंडाची रचना लक्षात ठेवा. रशियन नागरिकाला 5,000 ते 50,000 रुबल, संस्थेला 1 लाख ते 10 लाख रुबल, आणि परदेशी व्यक्तीला 30,000 ते 50,000 रुबल दंड व सोबत देशाबाहेर काढण्याची शक्यता. म्हणजे तुमच्या एका अविचारी पोस्टरची किंमत तुम्ही तीस हजारांत चुकवाल आणि तुम्हाला बोलावणारी छोटी मंडळी दहा लाखांत.

निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे तयार करावीत?

- निमंत्रण देणाऱ्या संस्थेच्या नोंदणीची आणि घटनेची प्रत. घटनेत परदेशी सेवकांना बोलावण्याची तरतूद आहे का, हे आधी वाचून घ्या.
- धार्मिक संबंधांसाठीचा मानवतावादी व्हिसा. पर्यटक व्हिसा किंवा ई-व्हिसा घेऊन उपदेश करणे म्हणजे प्रवेशाचा उद्देश खोटा सांगणे. तो वेगळा गुन्हा आहे.
- तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी एचआयव्ही चाचणीचा दाखला.
- विवाह आणि जन्माचे दाखले. आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का). रशियन भाषांतर आणि त्यावर नोटरीचा शिक्का रशियातच करून घेणे बरे, कारण तिथली कार्यालये परदेशात केलेल्या भाषांतरावर हमखास शंका काढतात.

मराठी नावांचा एक खास घोळ आहे. रशियन लिपीत ‘ह’ला स्वतःचे अक्षर नाही. म्हणून एकच आडनाव एका कागदावर ‘ख’ने, दुसऱ्यावर ‘ग’ने लिहिले जाते. घ, ध, भ यांतला ‘ह’ कुणी लिहितो, कुणी गाळतो. ‘वाघ’चे तीन कागदांवर तीन अवतार होतात, आणि मग मूल तुमचेच आहे हे सिद्ध करताना दमछाक होते. व्हिसावर जे रशियन स्पेलिंग छापून येईल तेच प्रमाण माना. प्रत्येक भाषांतरकाराला त्याची प्रत द्या आणि ‘असेच लिहा’ म्हणून सांगा. आपले मधले नाव रशियन पितृनामाच्या रकान्यात जाते की पहिल्या नावाला जोडले जाते, हेही एकदाच ठरवून सगळीकडे तसेच ठेवा. पत्नीच्या मधल्या नावात नवऱ्याचे नाव असते. ते तिचे पितृनाम समजले गेले, तर कागदोपत्री ती नवऱ्याची मुलगी ठरते.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचे?

सीमेवर मिळालेले मायग्रेशन कार्ड सांभाळा, ते देश सोडेपर्यंत लागते. 7 कामकाजी दिवसांच्या आत राहत्या पत्त्याची नोंद झाली पाहिजे. बोलीभाषेत तिला ‘रेगिस्त्रात्सिया’ म्हणतात. अर्ज तुम्ही करत नाही, ज्याच्या जागेत राहता तो घरमालक किंवा यजमान संस्था करते. घरमालक बऱ्याचदा टाळाटाळ करतात, कारण करखात्याला भाड्याचा पत्ता लागेल याची त्यांना धास्ती असते. म्हणून भाडेकराराच्या आधीच ‘कुटुंबातल्या प्रत्येकाची नोंद करणार का?’ हे विचारा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याचे घर कितीही छान असले तरी घेऊ नका. नोंदीच्या अर्जाचा फाडून मिळणारा भाग हाच तुमचा पुरावा. तो पासपोर्टसोबत ठेवा.

प्रवासात हॉटेल तुमची नोंद आपल्या पत्त्यावर करते. परतल्यावर घरच्या पत्त्याची नोंद चालू आहे का, हे यजमानाकडून तपासून घ्या. ही चूक वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबांकडूनही होते.

90 दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल, तर बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी (क्षय, कुष्ठरोग, सिफिलिस, एचआयव्ही, अमली पदार्थ) करावी लागते. सिम कार्डासाठी 2025 पासून परदेशी व्यक्तीला बायोमेट्रिक नोंद आणि सरकारी पोर्टलवरचे खाते लागते. त्यामुळे पहिले काही दिवस फोनविना जातील असे धरून चाला.

मानवतावादी व्हिसावर वर्षभर सलग राहता येते का?

साधारणपणे नाही. 2007 पासूनचा नियम असा, की 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस देशात राहता येते. कुटुंबासाठी हे अतिशय जाचक आहे: शाळा अर्धवट राहते, भाषा तुटते, प्रवासाचा खर्च दुप्पट होतो. म्हणून दीर्घकाळ राहणारी कुटुंबे तात्पुरत्या निवासाचा परवाना (रशियनमध्ये ‘एर-वे-पे’, मुदत 3 वर्षे) आणि पुढे कायम निवासाचा परवाना (‘वे-एन-झे’, 2019 पासून बेमुदत) यांच्या मागे लागतात. त्यासाठी रशियन भाषा, इतिहास आणि कायद्याची परीक्षा द्यावी लागते. परवाना मिळाल्यावरही दरवर्षी निवासाची सूचना देणे बंधनकारक आहे. ती विसरल्याने परवाना गमावण्याची वेळ येते.

भारतातल्या सेमिनरीची पदवी चालते का?

थेट नाही. ऑक्टोबर 2021 पासून परदेशात धर्मशिक्षण घेतलेल्या सेवकाला काम सुरू करण्यापूर्वी रशियात राज्य आणि धर्म यांच्या संबंधांविषयीचे पूरक शिक्षण घ्यावे लागते. शिवाय केंद्रीय धार्मिक संस्थेकडून पुन्हा पात्रता तपासून घ्यावी लागते. तोपर्यंत व्यासपीठापासून दूर राहा. हा काळ भाषेला द्या.

रशियन भाषा किती अवघड आहे?

मराठी माणसाला इंग्रजी माणसाइतकी अवघड नाही. विभक्ती आपल्या अंगात आहे. रशियनमध्ये सहाच विभक्ती आहेत. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. पूर्ण-अपूर्ण क्रियापदांची जोडी आणि ‘जाणे’ची क्रियापदे मात्र रडवतात. पायी जाणे वेगळे, वाहनाने जाणे वेगळे. एकदाच एका दिशेने जाणे वेगळे, जाऊन येणे वेगळे. रोज तीन-चार तास दिले, तर साधारण वर्षभरात घराबाहेरचा व्यवहार आणि साधी प्रार्थना जमते. समजेल असा उपदेश करायला आणखी दोन वर्षे धरा.

बायबलची रशियन वेगळी शिकावी लागते. बहुतेक सुवार्तिक मंडळ्या 1876 चे सिनोडल (ऑर्थोडॉक्स धर्मसभेने काढलेले) भाषांतरच वाचतात, आणि त्याची भाषा बाजारात ऐकू येत नाही. दररोज एक अध्याय मोठ्याने वाचा. काही शब्द स्वतःच शिकवण देतात: रशियनमध्ये रविवारचे नाव ‘वस्क्रिसेन्ये’, म्हणजे पुनरुत्थान.

नवरा भाषावर्गाला आणि बायको घरात मुलांपाशी, ही विभागणी करू नका. भाषा न आलेली आई दुसऱ्या हिवाळ्यात खचते. मग दोष थंडीला दिला जातो, पण कुटुंब परत येते ते या कारणाने.

तिथली सुवार्तिक मंडळी कशी असते?

तिला पाश्चात्त्य मिशनऱ्यांचे कालचे रोपटे समजू नका. 1867 मध्ये तिफ्लिस (आजचे जॉर्जियातले त्बिलिसी) इथे कुरा नदीत निकिता व्होरोनिनचा बाप्तिस्मा झाला, तिथून रशियन बाप्टिस्ट आपला इतिहास मोजतात. 1905 च्या सहिष्णुतेच्या फर्मानाने थोडा श्वास मिळाला. 1929 च्या सोव्हिएत कायद्याने उपासनेबाहेरचे जवळपास सगळे बंद झाले: मुलांचे वर्ग, महिला सभा, गरजूंना मदत. पुढे 1960 च्या सुमारास सरकारी बंधने मान्य करावीत की नाही यावरून फूट पडली आणि नोंदणी नाकारणाऱ्या मंडळ्यांचा वेगळा प्रवाह तयार झाला. तो आजही आहे. ज्यांचे आजोबा विश्वासापायी सोव्हिएत श्रमछावणीत गेले, त्यांच्यासमोर आपण तीन वर्षांच्या डिप्लोम्याच्या जोरावर शिकवायला उभे राहतो, याचे भान असावे.

प्रार्थनागृहाला ‘दोम मोलित्वी’ म्हणतात. रविवारची उपासना दोन तासांची असते आणि तीत दोन-तीन उपदेश असतात. मध्ये गायनवृंद, कुणाची पाठ केलेली कविता, लोकांच्या मोठ्याने केलेल्या प्रार्थना. जुन्या वळणाच्या मंडळीत विवाहित स्त्रिया डोक्यावर रुमाल बांधतात. आपल्या बायकांनी ओढणी सोबत ठेवावी. प्रभुभोजन सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी, शरद ऋतूत ‘झात्वा’ म्हणजे कापणीचा सण, आणि उन्हाळ्यात नदीकाठी बाप्तिस्मा. उपासनेनंतरचा चहा टाळू नका. लोक आपली खरी दुखणी तिथेच सांगतात.

सणांच्या तारखा वेगळ्या असतात का?

नाताळ अनेक मंडळ्या 7 जानेवारीला करतात, काही 25 डिसेंबरलाही. ईस्टर बहुधा ऑर्थोडॉक्स पंचांगाने. 2025 मध्ये दोन्ही ईस्टर 20 एप्रिलला आले, तर 2027 मध्ये ते 28 मार्च आणि 2 मे असे पाच आठवड्यांच्या अंतराने येतील. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन आपल्या टिपणांत हळहळतो, की ग्रंथ लुटले गेल्यामुळे ईस्टर कधी येतो हेच त्याला कळेना. परक्या देशात सण चुकल्याची ती हुरहुर तुमच्या मुलांनाही लागेल. दोन्ही दिवस साजरे करा.

ऑर्थोडॉक्स लोकांशी कसे वागावे?

आदराने, आणि त्यांना ‘ख्रिस्त माहीत नाही’ असे गृहीत न धरता. 1997 च्या कायद्याची प्रस्तावनाच रशियाच्या इतिहासातील ऑर्थोडॉक्स परंपरेची विशेष भूमिका नोंदवते. सामान्य माणूस प्रोटेस्टंटांना पटकन ‘सेक्ता’ (भलता पंथ) म्हणतो, आणि त्या शब्दात शिवी आणि भीती दोन्ही असतात. यहोवाच्या साक्षीदारांवर 20 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यापासून दारोदार जाणाऱ्या कुणाहीबद्दल संशय वाढला आहे. प्रतिमांवर (आयकॉन) टीका करू नका. त्यांच्या चर्चमध्ये गेलात तर पुरुषांनी टोपी काढावी, स्त्रियांनी डोके झाकावे.

पत्रके आणि बायबल वाटता येतात का?

संस्थेच्या प्रत्येक छापील वस्तूवर आणि व्हिडिओवर तिचे संपूर्ण अधिकृत नाव असले पाहिजे. नसेल तर संस्थेला 30,000 ते 50,000 रुबल दंड आणि साहित्य जप्त. ‘पूर्ण’ म्हणजे घटनेतले अक्षर न् अक्षर, संक्षेप चालत नाही. सर्वसाधारण उपाय म्हणजे रबरी शिक्का करून प्रत्येक प्रतीवर मारणे. खोक्यात राहिलेल्या पाच प्रतीही पुरेशा ठरतात, म्हणून खोके आले की आधी शिक्के, मग कपाट. स्वतःपुरते मराठी बायबल नेण्यात अडचण नाही.

मुलांच्या शाळेचे काय?

शाळा 1 सप्टेंबरला सुरू होते. 1 एप्रिल 2025 पासून परदेशी मुलांना प्रवेशापूर्वी रशियन भाषेची चाचणी द्यावी लागते आणि कायदेशीर वास्तव्याचे कागद दाखवावे लागतात. नापास झाल्यास तीन महिन्यांनी पुन्हा संधी मिळते. म्हणून निघण्यापूर्वीचे सहा महिने मुलांच्या भाषेला द्या. ‘कौटुंबिक शिक्षण’ म्हणजे घरी शिकवणे कायद्याने मान्य आहे, परीक्षा मात्र शाळेत द्यावी लागते.

दुसऱ्यांच्या मुलांबाबत नियम कडक आहे. पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना धर्मशिक्षण देता येत नाही. संमती लेखी घ्या, शक्यतो आई-वडील दोघांची. घटस्फोटित वडिलांनी केलेल्या तक्रारीवरून संडे स्कूल अडचणीत येणे ही नेहमीची वाट आहे.

पैसे कसे पोहोचतात?

मार्च 2022 पासून परदेशी बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे रशियात चालत नाहीत. सोबत रोख न्यावी लागते. 10,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर सीमेवर जाहीर करा. स्थानिक बँकेत खाते उघडून ‘मिर’ हे रशियाचे स्वतःचे कार्ड घ्या. मंडळीसाठी आलेला पैसा आणि कुटुंबाचा पैसा कधीही एका खात्यात मिसळू नका. परदेशी निधी घेणाऱ्या धार्मिक संस्थेला न्याय मंत्रालयाला हिशेब द्यावा लागतो आणि तुमच्या सैल हिशेबाची उत्तरे तिच्या खजिनदाराला द्यावी लागतात.

घर, थंडी, जेवण?

परवडणारे घर बहुधा ‘ख्रुश्चोव्का’ असते: पाच मजले, लिफ्ट नाही, पाच-सहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर. बाळ आणि बाबागाडी असेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. घरे उबदार ठेवणारी शहराची मध्यवर्ती व्यवस्था सलग पाच दिवस सरासरी तापमान 8 अंशांखाली राहिल्यावरच सुरू होते. त्यामुळे सप्टेंबरअखेरचे दोन आठवडे जानेवारीपेक्षा जास्त गारठवतात. एक विजेचा हीटर ठेवा. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दोन आठवड्यांपर्यंत गरम पाणी बंद असते. मसूर आणि वाटाण्याची डाळ सगळीकडे मिळते. तूर आणि गोडा मसाला घरून न्या. रुग्णवाहिकेचा क्रमांक 103. तातडीची मदत परदेशी व्यक्तीलाही मोफत आहे, पुढच्या उपचारांसाठी विमा लागतो.

पाहुणा म्हणून जाताना फुले विषम संख्येत न्या. सम संख्या मयताला. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करू नका. आणि चपला दारात काढायच्या, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

मुलगी रशियात एमबीबीएस करते. होस्टेलमध्ये मैत्रिणींसोबत प्रार्थना केली तर?

महाराष्ट्रातले अनेक पालक हे विचारतात. आधीच विश्वासात असलेल्या मैत्रिणींनी खोलीत शांतपणे प्रार्थना करणे वेगळे. होस्टेल ही राहती जागा आहे, त्यामुळे तिथे सूचना लावून, सोशल मीडियावर निमंत्रण टाकून इतरांना जमवणे धोक्याचे आहे. त्यातून व्हिसा आणि शिक्षण दोन्ही जाऊ शकतात. तिने शहरातल्या नोंदणीकृत मंडळीत रविवारी जावे.

युद्धाबद्दल बोलता येते का?

मार्च 2022 पासून सैन्याची ‘बदनामी’ आणि सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ हे गुन्हे आहेत. दुसऱ्याला 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मंडळीतच कुणाचा मुलगा आघाडीवर असतो, तर कुणाचे नातेवाईक युक्रेनमध्ये असतात. शोक करणाऱ्यांसोबत बसा, त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करा. व्यासपीठावरून काय बोलायचे ते स्थानिक पाळकांना ठरवू द्या. परिणाम त्यांच्या घरावर येतात.

पाठवणाऱ्या मंडळीने पत्रकात काय छापू नये?

रशियन विश्वासणाऱ्यांची पूर्ण नावे, चेहरे दिसणारे फोटो, मंडळीचा पत्ता, बाप्तिस्म्यांची संख्या आणि रकमा. ‘अमुक शहर जिंकले’ छापाची वाक्ये तर मुळीच नकोत. मराठीत लिहिले म्हणून कुणी वाचणार नाही असे समजू नका, मोबाइल एका स्पर्शात भाषांतर करतो. मजकूर छापण्यापूर्वी कुटुंबाला दाखवा, आणि त्यांनी वगळायला सांगितलेली ओळ कारण न विचारता वगळा.